त्वचेचे विकार आणि लेसर उपचार : प्रकाशाची शक्ती व मर्यादा

तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या आसपासच्या भिंतींवर पूर्वी दात, डोळे आणि मूळव्याध यांच्या उपचारांच्या पाट्या असत. आता त्यांच्या शेजारी लेसर उपचाराच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. वांग, मुरुमांचे व्रण, चामखीळ, गोंदण, नको असलेले केस आणि सुरकुत्या या सर्वांवर एकाच यंत्राने इलाज होतो, असे त्यांवर सुचविलेले असते. एकेकाळी मुंबई-पुण्यातील श्रीमंतांपुरते असलेले हे उपचार आता शिक्षक, ग्रामसेवक आणि लहान शेतकरी यांच्याही कुटुंबांपर्यंत पोहोचले आहेत. मुलीचे लग्न जमविताना चेहऱ्यावरील डागाची चर्चा होते आणि घरची साठवलेली रक्कम अशा उपचारांवर खर्च होते. म्हणूनच हे तंत्र नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे केवळ सौंदर्याच्या हौसेपुरते राहिलेले नाही.

प्रकाशाने उपचार

त्वचेवर प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना लेसरच्या पुष्कळ आधीची आहे. पांढऱ्या डागांवर बावचीचे बी वापरून तो भाग उन्हात धरण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी असून अशा डागांचा व त्यांवरील वनस्पतीचा उल्लेख अथर्ववेदातही सापडतो. बावचीत सोरॅलेन वर्गातील द्रव्ये असतात आणि ती त्वचेला अतिनील किरणांबाबत अधिक संवेदनशील करतात. पाश्चात्त्य वैद्यकात प्रकाशोपचाराला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी. त्या काळी चेहरा विद्रूप करणाऱ्या त्वचेच्या क्षयरोगावर त्यांनी एकवटलेल्या प्रकाशकिरणांचा प्रयोग केला. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांची संस्था उभी राहिली आणि १९०३ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे १९७० नंतरच्या दशकात सोरॅलेन आणि विशिष्ट अतिनील किरण यांची सांगड घालून सोरायसिस व कोड यांवर शास्त्रशुद्ध उपचार सुरू झाले. आज कोडासाठी बहुधा ३११ नॅनोमीटर लांबीच्या तरंगांचे अतिनील किरण वापरले जातात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) मर्यादित डागांसाठी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर उपलब्ध आहे. हे उपचार आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि कित्येक महिने घ्यावे लागतात. चेहऱ्यावरील डाग त्यांना चांगला प्रतिसाद देतात, तर बोटांच्या टोकांवरील डाग हट्टी असतात. डाग वर्षभर वाढले नसल्यास त्वचेच्या कलमाचा किंवा रंगपेशींच्या रोपणाचाही मार्ग आहे. बावचीचे तेल स्वतःच्या मनाने लावून भर दुपारी उन्हात बसणे मात्र घातक ठरते. त्यामुळे अंगावर फोड येऊन भाजल्यासारख्या जखमा होतात.

कोड हा संसर्गजन्य रोग नव्हे आणि कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही, ही गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु ग्रामीण भागात ती अजून पुरेशी रुजलेली नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते, त्यामुळे डाग पांढरा होतो. कोड असलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही.

लेसर म्हणजे काय

सूर्यप्रकाशात किंवा दिव्याच्या उजेडात अनेक रंगांच्या तरंगांचे मिश्रण असते आणि ते चोहीकडे पसरतात. लेसरचा झोत एकाच लांबीच्या तरंगांचा असतो, तो फारसा न पसरता सरळ जातो आणि अतिशय लहान जागेवर एकवटता येतो. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर निर्माण केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचा त्वचेवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आरंभिला.

या इतिहासात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा एक दुवा आहे, पण त्याची आपल्या शाळांतून क्वचितच ओळख करून दिली जाते. कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत काम करताना १९६४ मध्ये त्यांनी हा लेसर सिद्ध केला. त्याच्या तरंगांची लांबी १०,६०० नॅनोमीटर असून ते किरण पाण्यात तत्काळ शोषले जातात. त्वचेच्या पेशींत पाणी भरपूर असल्याने हा झोत जेथे पडतो तेथील पेशींची क्षणात वाफ होते. चामखीळ काढणे, वाढलेला मांसल भाग कापणे आणि व्रणांची खडबडीत जागा समतल करणे यांसाठी हा लेसर आजही जगभर वापरला जातो.

परंतु प्रारंभीच्या लेसरांमुळे डागाबरोबर भोवतालची निरोगी त्वचाही भाजत असे. या अडचणीवर १९८३ मध्ये बॉस्टन येथील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी सैद्धान्तिक तोडगा मांडला. उन्हात वाळत घातलेल्या काळ्या व पांढऱ्या कापडांपैकी काळे कापड अधिक तापते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्वचेतही तसेच घडते. तिच्यातील काळसर रंगद्रव्य, रक्तातील लाल द्रव्य आणि पाणी हे निरनिराळ्या लांबीचे तरंग कमीअधिक प्रमाणात शोषून घेतात. तेव्हा ज्या घटकाला लक्ष्य करावयाचे असेल त्याला मानवणारा तरंग निवडावा, हे पहिले सूत्र. दुसरे सूत्र वेळेचे. तापलेल्या तव्याला बोट निमिषमात्र लागले तर चटका वरच्यावर राहतो, टेकून राहिले तर आतपर्यंत भाजते. त्याप्रमाणे झोत इतका अल्पकाळ द्यावा की लक्ष्य तापून नष्ट होईल, पण उष्णता शेजारच्या पेशींत पसरण्यापूर्वीच तो थांबलेला असेल. रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांसाठी हा काळ नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांत मोजावा लागतो. केसांच्या मुळांसाठी तो काही हजारांश सेकंद असतो.

त्यामुळेच सर्व विकारांवर चालणारा एकच लेसर असा नसतो. जन्मजात लाल डागांसाठी ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा, तर खोलवरच्या काळ्या रंगासाठी १,०६४ नॅनोमीटरचा लेसर लागतो. एकाच यंत्राने सर्व काही बरे करण्याची जाहिरात वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

सावळ्या त्वचेचा प्रश्न

ही यंत्रे प्रथम गोऱ्या कातडीच्या देशांत तयार झाली आणि त्यांच्या मात्राही त्या त्वचेवरच ठरल्या. भारतीय त्वचेत रंगद्रव्य अधिक असते. केसाच्या मुळासाठी किंवा डागासाठी सोडलेला झोत त्वचेच्या वरच्या थरातील याच रंगद्रव्यात अडकतो आणि तो थर भाजतो. भाजण्याची खूण बरी झाली तरी तेथे मूळ डागापेक्षा गडद असा नवा डाग महिनोन्‌महिने राहू शकतो. क्वचित प्रसंगी रंगपेशीच नष्ट होऊन पांढरा ठिपका कायमचा राहतो. या कारणाने आपल्या त्वचेसाठी लांब तरंगांचे लेसर, कमी मात्रा, झोताबरोबर थंडावा देण्याची सोय आणि प्रथम लहानशा जागेवर चाचणी या गोष्टी आवश्यक ठरतात. उन्हाने नुकतीच रापलेली त्वचा लेसरखाली घेऊ नये. सुगीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्याने उपचाराची वेळ पुढे ढकललेली बरी. उपचार चालू असताना रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. तो नसेल तेथून निघून यावे.

रंगामागे दडलेला रोग

लेसरला रंग कळतो, रोग कळत नाही. तो डॉक्टरांनी ओळखावयाचा असतो. या साध्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे काही उदाहरणांवरून दिसेल.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, त्याला खाज नाही आणि तेथे कापसाचा बोळा फिरविला तरी स्पर्श जाणवत नाही, अशी लक्षणे कुष्ठरोगाची असू शकतात. असा रुग्ण चट्टा घालविण्यासाठी सौंदर्योपचार करीत राहिला तर मज्जातंतूंची हानी होऊन बोटे वाकडी होण्याइतका काळ वाया जातो. वास्तविक कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो, तो रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावयाचा असतो आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोकाही लवकरच संपतो.

दुसरे उदाहरण काळ्या पडलेल्या मानेचे. मानेभोवती व काखेत त्वचा जाड, मखमली आणि काळसर झाली की घरची माणसे मुलीला घासून अंघोळ करण्यास सांगतात आणि ती दवाखान्यात लेसर मागते. अशी त्वचा बहुधा वाढलेल्या वजनाची आणि शरीरात इन्शुलिनचा परिणाम कमी होत असल्याची खूण असते. तेथे पहिली गरज रक्तातील साखर तपासण्याची आहे. वजन घटले की मानही बरीच उजळते.

तिसरे उदाहरण दुर्मीळ, परंतु गंभीर आहे. आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ अथवा तळपायावर व नखाखाली नव्याने उमटलेला काळा डाग हा कर्करोगाचा असू शकतो. त्यावर लेसर फिरविल्यास वरचा रंग जातो आणि खालचा रोग नजरेआड वाढतो. अशा डागाचा तुकडा तपासणीस पाठविल्यावाचून त्याला हात लावू नये.

वांगाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे निदान सोपे, पण उपचार चिवट. ऊन, गर्भारपण, काही स्त्रियांत संततिनियमनाच्या गोळ्या आणि आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे होत. अतिनील किरणांबरोबर साधा दृश्य प्रकाशही वांग वाढवितो. येथे लेसर हा पहिला उपाय नसून अखेरचा आहे. त्याच्या उष्णतेने वांग उफाळून येण्याचा संभव असतो आणि गेलेले वांगही ऊन लागताच परतते. चेहरा झाकणे, लोह ऑक्साइडयुक्त रंगीत सनस्क्रीन वापरणे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीपुरतीच मलमे लावणे हा मार्ग लांबचा असला तरी खात्रीचा आहे.

मलमांचा बाजार

लेसरचा खर्च न परवडणारे लोक मलमांकडे वळतात आणि आज ग्रामीण भागात त्वचेची सर्वाधिक हानी होते ती येथेच. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावे नळीवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. ही स्टेरॉइड वर्गातील औषधे होत. योग्य विकारात, योग्य मुदतीत ती गुणकारी आहेत. परंतु गोरेपणासाठी चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते. लावणे थांबविताच आग व लाली उसळते, म्हणून रुग्ण पुन्हा तेच मलम लावतो आणि व्यसनासारखा त्यात गुंततो. गजकर्णावर अशी मिश्र मलमे लावली की खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते व घरातील सर्वांना ग्रासते. गेल्या दशकात देशभर वाढलेल्या, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या गजकर्णाच्या कारणांत या मलमांचा वाटा मोठा आहे.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या १४ स्टेरॉइड औषधांचा अनुसूची एच मध्ये समावेश स्पष्ट केला. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे नियमबाह्य आहे. प्रत्यक्षात काय चालते हे कोणत्याही बाजाराच्या गावी पाहावयास मिळते.

पाऱ्याचा धोका याहून गुप्त आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण आढळले आणि त्यांतील अनेकांनी पारायुक्त गोरेपणाची क्रीम वापरल्याचे निष्पन्न झाले. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये छापलेली नसलेली डबी विकत घेऊ नये. कोड किंवा कुष्ठरोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील भिंतीवर अशी जाहिरात आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

वयाच्या खुणा

वय झाले की त्वचा सैल होते, हे निसर्गतःच आहे. परंतु चेहऱ्यावर ज्या खुणांना आपण वार्धक्याच्या म्हणतो, त्यांतील बऱ्याचशा उन्हाच्या असतात. अमेरिकेतील एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २८ वर्षे गाडी चालविताना त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर खिडकीतून ऊन येत असे. ती बाजू जाड व खोल सुरकुत्यांची झाली होती, तर उजवी बाजू त्या मानाने कितीतरी तरुण दिसत होती. खिडकीच्या काचेने अतिनील किरणांतील आखूड तरंग अडतात, लांब तरंग आत येतात आणि तेच त्वचेच्या खोल थरातील तंतू झिजवितात. पोटाची किंवा दंडाच्या आतील त्वचा चेहऱ्याशी ताडून पाहिली तर हा फरक प्रत्येकाला स्वतःच्याच अंगावर दिसू शकेल. सावळ्या त्वचेत सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग आणि असमान रंग आधी दिसतात.

ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ९०० हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नित्यनेमाने सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. अर्थात शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्याला दर दोन-तीन तासांनी महागडे मलम लावणे शक्य नाही. तेथे घट्ट विणीचे कापड अधिक उपयोगी. आपल्याकडील शेतमजूर स्त्रिया लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा चढवितात आणि डोके व गाल रुमालाने बांधून घेतात. ही पद्धत दिसायला ओबडधोबड असली तरी शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

उपचारांपैकी ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’ वर्गातील मलम सर्वांत अधिक अभ्यासलेले आहे. ते रात्री, अल्प प्रमाणात लावावयाचे असते आणि गर्भारपणात वर्ज्य आहे. लेसरने त्वचेचा वरचा थर पूर्णतः काढण्याची जुनी पद्धत परिणामकारक होती, पण जखम भरण्यास आठवडे लागत आणि सावळ्या त्वचेवर डाग पडत. २००४ मध्ये अंशात्मक लेसरची कल्पना पुढे आली. चाळणीच्या छिद्रांप्रमाणे सूक्ष्म ठिपक्यांवरच झोत द्यावयाचा आणि मधली त्वचा शाबूत ठेवावयाची, जेणेकरून ती जखम लवकर भरून काढील. मुरुमांच्या खड्ड्यांवर याचा चांगला उपयोग होतो. बोट्युलिनमच्या इंजेक्शनाने कपाळाच्या आठ्या तीन-चार महिने सैल राहतात, मग ते पुन्हा घ्यावे लागते. भराव घालणारी इंजेक्शने आणि रासायनिक लेप हेही उपाय आहेत. त्यांची आवश्यकता फार थोड्यांना असते.

गोंदणाचा प्रश्न

लेसरची खरी गरज आज ग्रामीण तरुणांना भासते ती गोंदण काढण्यासाठी. जत्रेत हौसेने दंडावर किंवा मानेवर गोंदवून घेतलेले नाव सैन्यभरतीच्या वेळी अडसर ठरते. भारतीय सैन्याच्या भरती नियमावलीत कायमचे गोंदण केवळ कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि पंजाच्या मागील बाजूस मान्य करण्यात आले आहे. प्रथेनुसार गोंदण असलेल्या आदिवासी उमेदवारांचा विचार स्वतंत्रपणे होतो. काजळीपासून केलेले पारंपरिक काळे-निळे गोंदण १,०६४ नॅनोमीटरच्या लेसरला चांगला प्रतिसाद देते. झोताने शाईचे कण फुटतात आणि शरीरातील पेशी ते हळूहळू वाहून नेतात. हिरवा आणि पिवळा रंग त्या मानाने जिद्दी असतात. हे काम एका बैठकीत होत नाही. दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते आणि अनेक बैठका लागतात. म्हणून भरतीची जाहिरात निघाल्यावर डॉक्टरांकडे धावण्यात अर्थ नसतो. ज्याला सैन्यात जावयाचे आहे त्याने किमान वर्षभर आधी उपचार सुरू करणे आवश्यक आहे. आम्ल किंवा चुना लावून गोंदण जाळण्याचे प्रकार काही ठिकाणी होतात. त्याने शाई जात नाही आणि वर जाड वण राहतो. असा वण घेऊन आलेल्या उमेदवारावर लेसरचे कामही दुप्पट अवघड होते.